काळोखात सातपुडा असतोच: लहान विमानातून रात्री डोंगराजवळ उडण्याआधी आणि उडताना

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून रात्री उत्तरेकडे निघालं की पहिली काही मिनिटं मन निवांत असतं. खाली नागपूर लखलखत असतं. वर्धा रोडची दिव्यांची माळ मागे पडते, कोराडीच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसतात, मग सावनेर येतं. सावनेरनंतर दिवे विरळ होत जातात आणि पुढे नुसता अंधार. दिवसा त्याच जागी सातपुड्याची निळी रांग उभी असते, कोणालाही बोट दाखवून सांगता येते. रात्री तिथे काही दिसत नाही, आणि आपलं डोकं त्याचा अर्थ परस्पर "तिथे काही नाही" असा लावतं. मी बरीच वर्षं शिकाऊ वैमानिकांना शिकवते. रात्रीच्या पहिल्या ब्रीफिंगला फळ्यावर मी एकच वाक्य लिहिते: जिथे दिवा नाही तिथे डोंगर आहे असं धरून चाला.

नागपूरला रात्रीच्या उड्डाणाचा मोठा वारसा आहे. १९४९ साली देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा तिचा मधला सांधा आपलं सोनेगाव होतं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री इथे जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. दिल्लीच्या विमानाला रोज रात्री सातपुडा ओलांडावा लागे. पण ती दोन इंजिनांची डाकोटा विमानं होती, आत एकापेक्षा जास्त माणसं असत. आज एका इंजिनाच्या सेस्ना १७२ मध्ये बसलेल्या एकट्या वैमानिकाने तो मार्ग तितकाच सोपा समजू नये.

स्वच्छ आकाशातले अपघात

रात्रीचा धोका म्हणजे खराब हवामान, असं नव्याने शिकणाऱ्यांना वाटतं. अपघातांचा इतिहास वेगळं सांगतो. २३ नोव्हेंबर २०११ ला अमेरिकेतल्या ॲरिझोनात, फीनिक्सजवळच्या एका विमानतळावरून दोन इंजिनांचं छोटं विमान संध्याकाळी उडालं. आकाश स्वच्छ होतं, चंद्र नव्हता. काही मिनिटांतच ते सुपरस्टिशन पर्वताच्या कड्यावर आदळलं. विमानात कोणताही बिघाड नव्हता. माथ्यापेक्षा कमी उंचीवरून ते सरळ, समतल उडत गेलं. सहाजण गेले, त्यांत तीन लहान मुलं होती.

कॅलिफोर्नियातला ओटाय पर्वत तर दोनदा नडला. १६ मार्च १९९१ च्या रात्री तिथल्या ब्राउन फील्ड विमानतळावरून निघालेलं एक छोटं जेट त्याच्यावर आदळलं आणि दहाजण गेले. २४ ऑक्टोबर २००४ ला त्याच विमानतळावरून निघालेलं दुसरं जेट जवळपास त्याच जागी आदळलं, पाचजण गेले. दोन्ही वेळा वैमानिक "आधी नजरेच्या भरवशावर उडू, आयएफआर क्लिअरन्स (यंत्रांच्या भरवशावर उडायची परवानगी) वर गेल्यावर घेऊ" म्हणून निघाले होते. पहिल्या अपघातानंतर तेरा वर्षांनी तोच डोंगर, तीच चूक. मी हे उदाहरण प्रत्येक तुकडीला सांगते, कारण त्या वैमानिकांना उडता येत नव्हतं असं कोणी म्हणणार नाही.

आपल्या भागातलंही सांगायला हवं. जानेवारी २०२३ मध्ये रीवा इथे रात्रीच्या वेळी, धुक्यात, प्रशिक्षणाचं विमान देवळाच्या कळसाला आणि विजेच्या तारांना धडकून कोसळलं आणि त्यातले प्रशिक्षक गेले. त्याच वर्षी १८ मार्चला गोंदियाच्या बिरसीहून उडालेलं प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात पडलं, दोघं गेले. दुसरा अपघात तर दिवसाचा. जिथे दिवसाही डोंगर माफ करत नाही, तिथे रात्री किती जपायला हवं!

पहिली पायरी: उंची टेबलावर ठरवा

सगळ्या तयारीत महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून इथे जरा जास्त वेळ घालवू.

आपल्याकडे सूर्यास्त ते सूर्योदय या काळात व्हीएफआर, म्हणजे नजरेच्या भरवशावरचं, उड्डाण सर्वसाधारणपणे करता येत नाही. एटीसीने, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाने, मोकळीक दिलेली स्थानिक आणि फ्लाइंग क्लबची प्रशिक्षण उड्डाणं हा अपवाद. म्हणजे नागपूर–भोपाळसारखा रात्रीचा प्रवास आयएफआरवर, इन्स्ट्रुमेंट रेटिंग असलेल्या वैमानिकानेच करायचा. आयएफआरची किमान पातळीही ठरलेली आहे: डोंगराळ भागात, विमानाच्या अंदाजित जागेपासून ८ किलोमीटरच्या आतल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या २,००० फूट वर. इतरत्र १,००० फूट. छापील चार्टवर मार्गाची किमान उंची दिलेली असते, ती पाळायचीच. तरीही हिशोब स्वतःच्या हाताने एकदा करा. हाताने केलेला आकडा डोक्यात राहतो.

नकाशावर नागपूर ते भोपाळ सरळ रेघ ओढा. ती मुलताईच्या पूर्वेकडून, इटारसीच्या बाजूने जाते. आता रेघेच्या दोन्ही बाजूंना २० नॉटिकल मैलांचा (सुमारे ३७ किलोमीटरचा) पट्टा आखा. नियम ८ किलोमीटर म्हणतो, मग एवढा रुंद कशाला? कारण पचमढीचा धूपगड, सातपुड्याचं सर्वोच्च शिखर, या रेघेच्या उजवीकडे साधारण तीस किलोमीटरवर आहे. उंची सुमारे १,३५० मीटर, म्हणजे ४,४३० फूट. शंभर नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) विमानाला डावीकडून अठरा नॉटचा वारा लागला आणि तुम्ही हेडिंगमध्ये, म्हणजे नाकाच्या दिशेत, दुरुस्ती केली नाही, तर विमान दहा अंश उजवीकडे वाहत जातं. दीडशे किलोमीटर गेल्यावर हे दहा अंश सव्वीस किलोमीटर होतात. दिवसा नदी, रेल्वेरूळ, घाटरस्ता दिसतो आणि चूक लवकर लक्षात येते. रात्री ती सांगणारं बाहेर कोणी नसतं.

तेव्हा ४,४३० अधिक २,०००, म्हणजे ६,४३०. भोपाळची दिशा ३२४ अंशांच्या आसपास, म्हणजे पश्चिमेकडची, म्हणून सम पातळी (सम हजार फूट) घ्यायची. व्यवहारात एफएल ८० (फ्लाइट लेव्हल ८०, म्हणजे साधारण आठ हजार फूट) आला. हा आकडा कागदावर मोठा लिहा, भोवती चौकट करा आणि खाली लिहा: याखाली कोणत्याही कारणाने उतरायचं नाही. गुडघ्यावरच्या पॅडवर तो कायम समोर राहू द्या.

पण आकडा लिहिला म्हणजे विमान तिथे पोहोचलं असं नाही. सोनेगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण १,०३० फुटांवर आहे. आठ हजारांपर्यंत सात हजार फूट चढायचं. भरलेलं सेस्ना १७२ मिनिटाला सरासरी ४०० फूट चढलं तर साडेसतरा मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात ७५ नॉटने तुम्ही चाळीस किलोमीटर पुढे गेलेले असता. मे महिन्यात हे गणित आणखी बिघडतं. रात्री दहाला नागपुरात ३४ अंश तापमान असेल, तर हवा इतकी पातळ असते की धावपट्टीवरच विमानाला आपण साडेतीन ते चार हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. इंजिन तेच, पंख तेच, पण चढ मंद. उन्हाळ्यातल्या रात्री गार वाटतात म्हणून हे विसरायला होतं.

उपाय साधा आहे, फक्त पेट्रोल आणि वेळ मागतो. एटीसीला विनंती करून शहराच्या उजेडावरच गोल घेत चढा. किमान सुरक्षित उंची हाताशी आल्याशिवाय उत्तरेकडे तोंड करू नका. मी स्वतः नेहमी असंच करते.

दुसरी पायरी: तिथी बघा

आपल्या घरात भिंतीवरचं कॅलेंडर असतंच, ते इथे खरोखर कामाचं आहे. चंद्रप्रकाश असेल तर डोंगराची कड, नदीचं पात्र, ढगाची किनार, बरंच काही दिसतं. पण नुसतं "पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसच झालेत" एवढ्यावर विसंबू नका. संकष्टीला उपवास सोडायला रात्री नऊ-साडेनऊपर्यंत थांबावं लागतं, हे आपल्याला ठाऊक आहे. तोवरचं आकाश अमावस्येइतकंच काळं असतं. उलट शुक्ल अष्टमीचा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे जाताना उजेड आणि परतताना अंधार. उड्डाणाच्या नोंदीत चंद्रोदय-चंद्रास्ताची वेळ लिहायची सवय लावा. डोंगराकडे जाणारं पहिलं रात्रीचं प्रशिक्षण तर चांदण्यातच करावं, असं माझं ठाम मत आहे.

तिसरी पायरी: हवा

रात्री ढग दिसत नाहीत. तुम्ही आत शिरल्यावर कळतं: पंखाच्या टोकांवरच्या लाल-हिरव्या दिव्यांभोवती धूसर वलय येतं, खालचे दिवे एकेक करून नाहीसे होतात. म्हणून निघण्याआधी तापमान आणि दवबिंदू यांतलं अंतर बघायचं. ते दोन-तीन अंशांवर आलं आणि वारा पडला, की डिसेंबर-जानेवारीत वैनगंगेच्या खोऱ्यात आणि पेंचच्या जलाशयाभोवती धुकं धरायला वेळ लागत नाही. संध्याकाळी स्वच्छ असलेलं ठिकाण पहाटे बंद असू शकतं.

मार्च-एप्रिलचा प्रश्न वेगळा. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि जंगलात ठिकठिकाणी आगी धुमसतात. त्यांचा धूर रात्री थंड हवेच्या थराखाली कोंडून राहतो आणि दरीत साचतो. वरून सरळ खाली बघितलं तर गाव स्पष्ट दिसतं, पण तिरपं समोर बघितलं की दिवे गढूळ. लँडिंगच्या वेळी तुम्ही तिरपंच बघणार असता, हे ध्यानात ठेवा.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. माथ्याच्या उंचीवर वारा वीस-पंचवीस नॉटच्या वर असेल, तर लहान विमानाने रात्री त्या रांगेजवळ जाऊ नये. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला हवा खाली कोसळते आणि सेस्नाची चढण्याची ताकद तिच्यापुढे अपुरी पडू शकते. दिवसा हालणारी झाडं, धूळ, ढगांचे आकार सावध करतात. रात्री पहिला इशारा म्हणजे व्हीएसआयचा (चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या यंत्राचा) खाली गेलेला काटा.

क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरमध्ये (उंची दाखवणाऱ्या यंत्रात) लावायचा हवेचा दाब, दर वेळी ताजा घ्या. एक हेक्टोपास्कलची चूक म्हणजे साधारण २७ ते ३० फूट. दहाची चूक झाली तर तीनशेच्या आसपास फूट गायब, आणि अल्टिमीटर मात्र ठरलेली उंचीच दाखवत राहतो.

चौथी पायरी: डोळे

डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि मोबाइलचा पडदा एकदा बघितला की तो सराव मोडतो. हँगरमधून निघतानाच फोन बाजूला. कॉकपिटचे दिवे मंद ठेवा. लाल टॉर्च वापरत असाल तर नकाशावरच्या लाल-तपकिरी रेघा तिच्यात दिसत नाहीत, आणि डोंगराच्या समोच्च रेषा नेमक्या तपकिरीच असतात. मंद पांढरा प्रकाश बरा. अंधारातली वस्तू बघायची तर तिच्याकडे थेट न बघता जरा बाजूला नजर ठेवा. डोळ्याच्या मध्यभागाला अंधारात दिसत नाही, कडेच्या भागाला दिसतं.

ऑक्सिजन कमी झाला की पहिला फटका रात्रीच्या नजरेला बसतो. अमेरिकेची विमान वाहतूक संस्था रात्री पाच हजार फुटांपासूनच ऑक्सिजन वापरायचा सल्ला देते. डोंगर टाळायला आठ हजारांवर जायचं, आणि तिथे नजर मंदावते, हा पेच खरा आहे. छोटा सिलिंडर बरोबर असेल तर उत्तम. सिगारेट ओढणाऱ्याने तर याचा जास्तच विचार करावा, कारण त्याचं रक्त आधीच कमी ऑक्सिजन वाहून नेत असतं.

पाचवी पायरी: शरीर खोटं सांगेल, काटे खरं

अंधाऱ्या बाजूला टेक-ऑफ घेतला की विमान वेग घेताना कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला वाटतं, नाक फार वर गेलंय. हात आपोआप योक (विमानाचं सुकाणू) पुढे ढकलतो आणि विमान खाली जायला लागतं. त्या क्षणी खाली शे-दोनशे फूटच असतात. म्हणून रात्री चाकं सुटली की नजर आत: आर्टिफिशियल होरायझन (क्षितिजाच्या मानाने विमान कसं आहे ते दाखवणारं यंत्र), वेग, व्हीएसआय आणि अल्टिमीटर, दोन्ही वर जातायत का? किमान हजार फुटांपर्यंत बाहेर बघायचं नाही.

दुसरा फसवा प्रकार मी स्वतः अनुभवला. शिकत असताना, मार्चमधल्या एका रात्री, सिवनीच्या बाजूच्या जंगलावर होते. डोंगराच्या उतारावर वणव्याची लांब तिरपी रेघ पेटलेली होती. बाकी सगळा काळोख. मला कळलंही नाही आणि मी तीच क्षितिजाची रेघ धरून पंख तिच्याशी समांतर करत गेले. सरांनी ओरडून काही सांगितलं नाही. समोरच्या काचेवर बोट टेकवून एवढंच म्हणाले, "होरायझन बघ." विमान पंधरा अंश डावीकडे कललेलं होतं आणि चारशे फूट उतरलेलं. मला मात्र पूर्ण सरळ बसल्यासारखं वाटत होतं. ती सरळपणाची खात्री अजून आठवते आणि अजून भीती वाटते.

उतारावरची गावं, घाटातल्या ट्रकांची रांग, तिरप्या ढगाची कड, सगळे हाच खेळ खेळतात. एकटा दिवा बराच वेळ टक लावून बघितला तर तो हलल्यासारखा वाटतो आणि माणूस त्याला दुसरं विमान समजतो. यावर उपाय एकच आणि कंटाळवाणा: नजर यंत्रांवर फिरवत राहणं आणि बाहेरचं जे काही दिसेल ते यंत्रांशी ताडून मगच मानणं.

सहावी पायरी: दिवा विझला तर

हा भाग पाठ करा. समोर दूरवर एखाद्या गावाचे दिवे दिसतायत आणि खालच्या बाजूने ते एकेक नाहीसे व्हायला लागले, तर तुमच्या आणि त्या गावाच्या मध्ये काहीतरी येतंय. ढग असेल किंवा डोंगर असेल. सिवनीकडच्या कुरईच्या घाटातल्या ट्रकांचे दिवे लागतात-विझतात तसं. पण तो ट्रक आहे की कडा, हे ठरवत बसायला वेळ नसतो. ११० नॉटने विमान सेकंदाला ५६ मीटर जातं. लँडिंग लाइटच्या उजेडात कडा दिसला तर हाताशी मोजकेच सेकंद उरतात.

तेव्हा आधीच ठरवलेली कृती करा. पूर्ण पॉवर. सर्वांत तीव्र चढाचा वेग. आणि ज्या बाजूला जमीन खालची आहे हे नकाशावरून तुम्हाला ठाऊक आहे, त्या बाजूला वळण. नव्वद नॉटने, सेकंदाला तीन अंश अशा नेहमीच्या वळणाला पूर्ण उलटं फिरायला एक मिनिट आणि पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंदी लागते. तीस अंश बँक केली, म्हणजे विमान तेवढं कलवलं, तर पाऊण किलोमीटरमध्ये भागतं, पण काळोखात तीस अंश बँक फक्त काट्यांवर नजर ठेवूनच करायची. यावरून आणखी एक गोष्ट कळेल: रात्री दरीत शिरायचंच नाही. वळायला जागा आहे की नाही, हेच दिसत नसतं.

जागेबद्दल शंका आली की लाज बाळगू नका. आधी चढा, मग एटीसीला स्पष्ट सांगा, "जागेची खात्री नाही, रडार मदत हवी." कोणी ऐकत नसेल तर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर बोला, आणि ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) ७७०० हा आणीबाणीचा कोड लावा. टॅबलेटवरचा भूप्रदेशाचा रंगीत नकाशा फार उपयोगाचा आहे, जरूर ठेवा. पण बॅटरी संपते, उन्हात तापलेला टॅबलेट बंद पडतो, आणि लाल रंग दिसेपर्यंत तुम्ही उंचीच्या चौकटीबाहेर गेलेले असता.

इंजिन बंद पडलं तर? सेस्ना १७२ दर हजार फुटांना साधारण दीड नॉटिकल मैल तरंगतं. छिंदवाड्याचं पठार २,२०० फुटांवर. आठ हजारांवरून तिथे जेमतेम सोळा किलोमीटर मिळतात. म्हणून मार्ग आखतानाच महामार्ग आणि धावपट्ट्यांच्या जवळून जरा वळसा घेतलेला बरा. दिवे नाहीत ती जागा मोकळं शेत असेल असं मानू नका. आपल्या भागात ती बहुतेक वेळा सागाचं जंगल किंवा धरणाचं पाणी निघते.

सातवी पायरी: उतरताना

धावपट्टीचे दिवे दिसले, मध्ये सगळा अंधार, तर विमान फार उंच आहे असं वाटत राहतं आणि वैमानिक नकळत खाली येत जातो. धावपट्टीच्या कितीतरी आधी जमीन गाठण्याची ही जुनी वाट आहे. दर नॉटिकल मैलाला ३०० फूट, हे गणित तोंडात असू द्या. सोनेगावला पाच मैलांवर असाल तर १,५०० अधिक १,०३०, म्हणजे अल्टिमीटर २,५०० च्या आसपास हवा. पीएपीआयचे, म्हणजे उतरण्याचा कोन सांगणाऱ्या धावपट्टीशेजारच्या चार दिव्यांचे, दोन पांढरे, दोन लाल म्हणजे ठीक. चारही लाल दिसले तर उतरणं थांबवून समतल व्हा. पण हे दिवे धावपट्टीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण दहा अंशांतच भरवशाचे. लांबून, तिरपं येताना त्यांच्यावर विसंबून डोंगर ओलांडू नका. अनोळखी धावपट्टीवर आधी वरून फेरी मारा, मग सर्किट (उतरण्याआधीचा धावपट्टीभोवतीचा ठरलेला फेरा) घ्या. सरळ आत शिरायचा मोह टाळा.

निघायचं की नाही

वरच्या सगळ्या पायऱ्या नीट केल्या तरी एक गोष्ट राहते, आणि माझ्या अनुभवात तीच जास्त वेळा चुकते. पलीकडे कोणीतरी वाट बघत असतं. लग्न असतं, दवाखान्यातला माणूस असतो, दुसऱ्या दिवशीची ड्यूटी असते. वैमानिक हवामान बघतो, पण मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं. ॲरिझोनातल्या त्या विमानातली माणसंसुद्धा सणासाठी घरी निघाली होती.

म्हणून ही तयारी संध्याकाळ होण्याआधी करा. घरी फोन करून पोहोचायची आणि फोनची, अशा दोन वेळा सांगा: "निघालो तर दहापर्यंत पोहोचतो. आठपर्यंत माझा फोन आला नाही तर आज येत नाही, उद्या सकाळच्या गाडीने निघतो." नागपूर जंक्शनवरून चारी दिशांना गाड्या आहेत, त्या दिवशीचं वेळापत्रक चार्टच्या पिशवीतच ठेवा. बॅगेत एक शर्ट, टूथब्रश आणि रोजच्या गोळ्या असू द्या. परगावी असाल तर खोलीची सोय दुपारीच विचारून ठेवा. रात्री साडेसातला, वारा वाढलेला असताना, "नाही जात" म्हणायला त्या बॅगेचा फार आधार होतो.